तिसऱ्या गलीचा साक्षीदार

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवाला तर नाहीच — आणि देवाला का नाही ते पुढं येईलच. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी, की तुम्ही रमाकांतला ओळखत नव्हता. ओळखत असता तर दोन वाक्यांत त्याच्या बाजूचे झाला असता आणि माझं बोलणं तिथंच राहिलं असतं. सगळे त्याच्या बाजूचे व्हायचे. माझी बायकोसुद्धा.

रमाकांत माझा साडू. माझी वासंती थोरली, त्याची कुंदा धाकटी. मी डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. तो आखातात तेल कंपनीत इंजिनियर होता. तीस वर्षं वाळवंटात काढून मांद्र्याच्या आपल्या घरी परतला. तोंडावर मी त्याला रमाकांतबाब म्हणायचो आणि तो मला मास्तर. मनात मात्र तो माझ्यासाठी नुसता रमाकांत होता, आणि ते मनातलं नाव मी कधी फारशा प्रेमानं घेतलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मध्येच तुम्हाला वाटायचं, की एका सज्जन माणसाच्या हातून एकदा चूक झाली. तसं नाही. मी त्याच्यावर वर्षानुवर्षं जळत होतो.

साडू हे नातं कुणी घडवलं कोण जाणे. दोन परक्या पुरुषांना एका सासऱ्याच्या घरात शेजारीशेजारी पाटावर बसवायचं आणि मग सगळ्या घरानं आयुष्यभर त्यांच्या ताटांकडे बघत राहायचं! सासूबाई विसवणाची मोठी तुकडी नेहमी रमाकांतच्या ताटात वाढायच्या. का? तर तो वर्षातून एकदा यायचा. मी दर आजारपणाला, दर कार्याला, मेहुण्याबरोबर मामलेदार कचेरीत — सगळीकडे हजर. पण हजर असणाऱ्याचं कसलं कौतुक? तुम्ही म्हणाल, मास्तर, माशाच्या तुकडीवरून इतकं? तुकडीवरून नाही हो. पण सुरुवात कुठून तरी करायला हवी ना.

बरं, तो वाईट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं! परदेशात राहून आल्याची मिजास नाही, आवाज चढवणं नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की स्वतः फाटकापाशी जाऊन गरम उंडे घ्यायचा आणि कुंदा उठायच्या आत चहा करून ठेवायचा. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, पण रोज संध्याकाळी बापाला फोन यायचाच. तासभर हसणं-खिदळणं. आमचा चिरंजीव पुण्याहून फोन करतो तो आईला. चुकून मी उचलला तर म्हणतो, ‘‘आई आहे?’’ यात रमाकांतचा काय दोष? काहीच नाही. पण मला त्याचाच दोष वाटायचा. असं तुम्हाला कधी होत नाही? समोरच्याच्या घरातलं हसू ऐकताना आपल्याच घरातलं कुणी तरी उचलून नेलंय, असं?

एक प्रसंग सांगतो. मी एक पुस्तक लिहिलं होतं — डिचोलीच्या आठवणी, ललित लेख. पदरमोड करून छापलं. विद्यार्थ्यांनी घेतलं नाही, सहकाऱ्यांनी फुकट घेतलं आणि वाचलं नाही. रमाकांत त्या वर्षी सुट्टीवर आला होता, तो एक खोकंभर प्रती आखातात घेऊन गेला. तीन महिन्यांनी मला तिकडच्या मराठी मंडळींची सात पत्रं आली. मी हरखलो. दुपारी पुन्हा वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की सातही पत्रांत एक वाक्य जसंच्या तसं आहे. मी मास्तर माणूस, कॉपी ओळखतो. त्यानं बिचाऱ्यानं लोकांना मजकूर सांगून पत्रं लिहून घेतली होती. मला बरं वाटावं म्हणून! कुणी अपमान केला असता तर मी भांडलो असतो. या प्रेमाचं मी काय करणार होतो? पत्रं कपाटात ठेवली आणि त्याला आभाराचं कार्ड पाठवलं. सुंदर अक्षरात.

आता त्याच्या खेळाकडे येतो. येतोय हो, टाळत नाही. म्हणजे टाळतोय, पण येतोय.

रमाकांतला गोल्फचं वेड होतं. गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हिरवंगार मैदान येईल. ते विसरा. तो खेळायला शिकला तो वाळूत. तिकडं कंपनीच्या लोकांनी वाळवंटातच मैदान केलं होतं. गवताचं पातं नाही. प्रत्येक जण प्लास्टिकच्या हिरवळीचा चटईएवढा तुकडा बरोबर घेऊन हिंडायचा. चेंडू त्यावर ठेवायचा आणि मारायचा. आणि जिथं चेंडू शेवटी भोकात घालायचा, तिथली वाळू तेल टाकून घट्ट केलेली. हिरव्याऐवजी तपकिरी. हे सगळं तो इतक्या रंगात येऊन सांगायचा, की सासूबाईसुद्धा भाताचा डाव हातात धरून ऐकत उभ्या राहायच्या.

निवृत्त झाल्यावर त्यानं तोच प्रकार मांद्र्याच्या सड्यावर केला. घराच्या मागं चढ चढून गेलं की त्यांची काजूची बाग, आणि बागेच्या वर कातळाचं मोकळं पठार. दलाल येऊन विचारायचे, व्हिला बांधायला देता का? हा हसून सांगायचा, जागा मोकळी नाही, तिथं खेळ चालू आहे. स्वतःच्या हातानं करवंदीच्या जाळ्या तोडल्या, बारीक रेती वाहून नेली, गाडीचं जुनं ऑइल घालून ती दाबली आणि तीन भोकं तयार केली. तीनच. प्रत्येकात बांबूची काठी, काठीला कुंदाच्या जुन्या लुगड्याची पट्टी. भोकाला तो होल म्हणायचा. मी एकदा सहज म्हटलं, अहो, ही तर आमची गोट्यांची गल! त्याला तो शब्द इतका आवडला की घरात सगळे गलच म्हणायला लागले — पहिली गल, दुसरी गल, तिसरी गल. माझा हा एक शब्द त्या घरात चालला. मला त्याचा आनंद झाला होता, हेही खोटं नाही.

चेंडूंवर तो लाल शाईनं ‘कुं’ लिहायचा. साठी उलटलेला माणूस, चेंडूवर बायकोचं अक्षर! वासंतीनं ते पाहिलं त्या दिवशी घरी परत येताना अस्नोड्यापर्यंत ती बाजारभावाचं बोलत होती. मग म्हणाली, ‘‘तुम्ही माझं नाव कशावर लिहिलं असतं हो? खडूच्या डब्यावर?’’ चेष्टाच केली तिनं. पण स्कूटर चालवताना माझे कान तापले होते.

दर रविवारी आम्ही डिचोलीहून मांद्र्याला जायचो. बहिणी खाली स्वयंपाकघरात, आणि मी रमाकांतबरोबर सड्यावर. मला खेळायला येत नव्हतं. त्यानं शिकवायचा प्रयत्न केला, पण मी काठी फिरवली की चेंडू जागेवरच आणि मातीचं ढेकूळ पुढं. तेव्हा त्यानं मला एक काम दिलं. तिसरी गल सगळ्यांत अवघड होती. मारायची जागा एका उंचवट्याच्या अलीकडे आणि गल पलीकडे उतारावर, दीडशे पावलांवर. मारणाऱ्याला काठीचं टोक तेवढं दिसायचं; चेंडू कुठं पडला ते दिसायचंच नाही. तर मी पलीकडे, गलीजवळ उभं राहून चेंडू बघायचा आणि त्याला सांगायचं. ‘‘मास्तर, तुमी माझे साक्षीदार,’’ तो म्हणायचा.

हा शब्द त्यानं उगाच वापरला नव्हता. गोल्फवाल्यांचं एक स्वप्न असतं म्हणे — पहिल्याच फटक्यात चेंडू थेट गलीत. कित्येक जण जन्मभर खेळतात आणि ते होत नाही. आणि झालं तरी पाहणारा दुसरा कुणी हवा. एकट्यानं खेळताना पडला तर तो मोजत नाहीत. सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? तीस वर्षांत रमाकांतचा चेंडू दोनदा कडेला येऊन थांबला होता. कडेला! हे सांगताना तो दोन बोटांत अंतर दाखवायचा आणि लहान मुलासारखा हळहळायचा. या बाबतीत तो माझ्यापेक्षा गरीब आहे, असं मला वाटायचं. त्याला मिळालं नाही असं जगात एवढं एकच होतं.

आता सांगतो.

कार्तिकातला रविवार होता. सकाळी नाश्त्याला कुंदानं आंबोळ्या केल्या होत्या. बोलता बोलता वासंती म्हणाली, ‘‘माणसाला रमाकांतबाबांसारखं काहीतरी वेड हवं. आमच्या घरी नुसता पेपर आणि चष्मा.’’ सगळे हसले. मीही हसलो. मी नेहमीच हसायचो, त्यात काय?

सड्यावर गवत सोनेरी झालेलं. वारा पडलेला. पहिल्या दोन गली झाल्या आणि मी तिसऱ्या गलीजवळ जाऊन उभा राहिलो. पलीकडून त्यानं ‘मारतो’ म्हणून आवाज दिला. चेंडू वर आला, उंचवट्याच्या माथ्यावर पडला, उजवीकडे चुकून चालला होता — एका चिऱ्याला लागून आत वळला. मग उतारावरून सावकाश, अगदी सावकाश, रेतीवर आला, बांबूच्या काठीला टक् करून लागला आणि गलीत पडला.

माझे दोन्ही हात वर गेले. हे खरं आहे. मी ओरडायला तोंडही उघडलं होतं. एक क्षण मला आनंदच झाला, निव्वळ आनंद — आणि दुसऱ्या क्षणी मला पुढचं सगळं दिसलं. खाली उतरल्यावर कुंदा काय करील, मुलींना फोन लागतील, चतुर्थीला गणपतीपुढच्या माटोळीखाली बसून पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली जाईल, आणि ती सांगायला कुणाला पुढं करतील? मला. मास्तर, तुम्ही होता ना, तुम्हीच सांगा. आयुष्यभर मी त्याच्या सुखाचा साक्षीदार म्हणून उभा राहणार होतो. माझ्या सुखाचा साक्षीदार कोण होता? सात पत्रं?

मी वाकलो, गलीत हात घातला आणि चेंडू काढून पँटच्या खिशात टाकला.

एवढंच केलं. सांगायला एक वाक्य लागलं. करायलाही तेवढाच वेळ लागला असेल. हात अडला का? नाही. मला वाटतं, तो हात बरीच वर्षं तयारच होता.

रमाकांत धापा टाकत उंचवट्यावरून उतरला. ‘‘खंय गेलो, मास्तर?’’ त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं — मला तेव्हा ते कळलं नाही. मी गलीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. ‘‘वरून गेला. तिकडं, चाफ्याच्या बाजूला.’’

तिकडं वीसेक पावलांवर एक जुना चाफा होता आणि त्याच्या बुंध्याशी एक दगड. तो त्या सड्याच्या राखणदाराचा. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर एवढंच समजा, की जागा कागदावर कुणाचीही असो, खरी मालकी त्याची. आम्ही दोघांनी चाफ्याखाली तासभर शोधलं. मीही शोधलं! गुडघ्यावर बसून, पालापाचोळा बाजूला करून. रमाकांतच्या हाताला करवंदीचे काटे लागून रक्त आलं. आणि मग, कंटाळून म्हणा, सुटका व्हावी म्हणून म्हणा, मी गमतीत म्हटलं — ‘‘जाऊ द्या हो रमाकांतबाब. राखणदारानं नेला असेल.’’

तो हसला. मग हसता हसता थांबला. दगडाकडे बघत राहिला. ‘‘मास्तर,’’ म्हणाला, ‘‘ही गल काढताना मी नारळ ठेवूक नाय.’’

नवीन काम काढायचं तर आधी राखणदारापुढं नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, परवानगी मागायची — हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पहिल्या दोन गलींच्या वेळी कुंदानं आठवणीनं करवून घेतलं होतं. तिसरीच्या वेळी ती मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि हा उतावळा. राहून गेलं. हे मला ठाऊक नव्हतं. मी थट्टा केली, आणि ती त्याच्या वर्मावर बसली. तो माणूस तेलाच्या विहिरी खोदून आलेला, यंत्रांची बिजागरी न् बिजागरी जाणणारा. पण सड्यावर उभा राहिला की तो मांद्र्याचाच होता. मीही तसाच आहे. त्याच्या जागी मी असतो तर मलाही घाम फुटला असता.

पुढच्या रविवारी त्यानं गावकार तात्यांना बोलावलं. तात्या ऐंशीच्या घरातले, गाऱ्हाणं घालण्यात त्यांचा हातखंडा. चाफ्याखाली केळीच्या पानावर नारळ, केळ्यांचा फणा, चार उंडे, विड्या, आणि वाटीत थोडी फेणी ठेवली. कुंदा होती, वासंती होती, मी होतो. त्या दिवशी चेंडू माझ्या खिशात होता.

का होता ते सांगतो, कारण इथं मला थोडं चांगलं वाटलं होतं स्वतःबद्दल. आठवडाभर मला झोप नीट लागली नव्हती. ठरवलं होतं, की सगळे हात जोडून डोळे मिटतील तेव्हा चेंडू हळूच दगडाच्या मागं सोडून द्यायचा. सापडेल. राखणदारानं परत दिला म्हणतील. पहिल्या फटक्यातली गल गेली ती गेलीच, पण निदान त्याच्या मनातली भीती जाईल. किती सोपं होतं!

तात्यांनी सुरुवात केली. ‘‘बा राखणदारा म्हाराजा! ह्या सड्याचो तू धनी. ह्या तुझ्या लेकरान तुका न इचारता हंय खेळ मांडलो...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आम्ही म्हणालो. गाऱ्हाण्याला सगळ्यांनी मिळून हो म्हणायचं असतं.

‘‘चुकला-माकला ता पोटात घाल. तुया नेलेलो चेंडू तुझ्या मनात आसात तर परत दी. मनात नसात तर तुझ्याकडेच ऱ्हांव दी. पण ह्याच्या घराबाराक सुखी ठेव, रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. पस्तीस वर्षं वर्गात कमावलेला. उजवा हात खिशात होता, चेंडू मुठीत होता, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी रमाकांतकडे पाहिलं. हात जोडून, मान खाली घालून उभा. बाजूला कुंदा त्याच्या सदऱ्याचं टोक धरून. आणि मला वाटलं — चेंडू सापडला तर उद्या सगळ्या गावात होईल, की राखणदारानं रमाकांतबाबाचं ऐकलं! म्हणजे पुन्हा त्याचंच? देवही त्याच्याच बाजूचा? मी मूठ उघडली नाही.

आता कळलं ना, देवाला का सांगितलं नाही ते? त्याच्यासमोर उभं राहून, दोनदा, मोठ्यानं, खोटं बोललो मी.

नारळ फोडला, प्रसाद वाटला, पुन्हा एकदा शोधाशोध झाली. अर्थातच काही सापडलं नाही. तात्यांनी मान हलवली. म्हणाले, त्याच्या मनात नाही. कुंदा घाबरली. रमाकांतनं वाद घातला नाही, तात्यांना नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी तिसरी गल बुजवली. काठी उपटली. पुढं महिनाभर तो उरलेल्या दोन गलींवर जात होता, पण परतताना सांगायचा, मन लागत नाही, मास्तर. पाठीमागून कुणी बघतंय असं वाटतं. मग त्याही बुजवल्या. दिवाणखान्यात — ते त्याला साल म्हणतात — फरशीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून तो चेंडू त्यात ढकलत बसायचा. मुलींना फोनवर सांगायचा, आता मी घरबसल्या खेळतो, तुमची आई खूश आहे. हसून सांगायचा. दुपारचा जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभा राहून मागच्या चढाकडे बघायचा, ते मात्र फोनवर सांगत नसे. मी दर रविवारी ते पाहत होतो. पाहत होतो आणि उंड्याबरोबर कुंदानं केलेलं वाटाण्याचं तोणाक चवीनं खात होतो.

चेंडू मी डिचोलीच्या नदीत टाकून दिला. सकाळी फिरायला जाताना, पुलावरून. पडताना बघितलंही नाही.

सांगायला किती संधी होत्या! दर आठवड्याला एक. एक वाक्य पुरलं असतं: रमाकांतबाब, चेंडू मी उचलला होता. तो काय करणार होता? मारणार होता? मला तर वाटतं, त्यानं मला मिठी मारली असती, आणि ‘पडलो मरे, मास्तर, पडलो!’ म्हणून सड्यावर पळत सुटला असता. त्यानं माफ केलं असतं, आणि मला नेमकं तेच सोसलं नसतं. म्हणजे मी भ्यालो असंही नाही. त्याला आनंद द्यायला मी तयार नव्हतो. इतकं साधं आहे ते.

सव्वा वर्षानं, शिमग्याच्या आधी, तो गेला. हृदयविकार. माझ्यामुळं गेला असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं, आणि तेवढा मोठा वाटा मी घेत नाही. पण त्याचं शेवटचं वर्ष सड्यावर जायचं होतं, ते घरातल्या सालीत गेलं. ते माझ्यामुळं.

वर्षश्राद्धाला मुलींनी एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. फोटो, आठवणी, घरातल्या घरात वाटण्यासाठी. मुख्य लेख लिहायचा कुणी? मास्तरांनीच! मी लिहिला. चांगला लिहिला, माझ्या पुस्तकातल्या कुठल्याही लेखापेक्षा चांगला. कुटुंबवत्सल, निगर्वी, सगळी विशेषणं खरी होती. आणि शेवटी लिहिलं, की गावच्या राखणदाराचा मान राखण्यासाठी त्यांनी आपला प्राणप्रिय खेळ हसत हसत सोडला. वासंती वाचताना रडली. म्हणाली, तुम्ही इतकं सुंदर लिहू शकता? लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग मुग्धा आली, रमाकांतची थोरली मुलगी. म्हापशाला असते. पुस्तिकेचे कागद घेऊन एका सकाळी डिचोलीला आमच्या घरी आली. वासंती बाजाराला गेलेली. मुग्धा कागद मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली —

‘‘काका, एक इचारू? त्या दिसा बाबांक आवाज आयकाक इल्लो. काठयेक चेंडू लागान आत पडल्याचो. ते आईक म्हणाले, माका वाटता पडलो. मगे आपणच म्हणाले, पण मास्तर थंय हुभे आसले. पडलो आसतो तर मास्तर सांगल्याशिवाय ऱ्हवले आसते?’’

रमाकांत उंचवट्यावरून धापा टाकत उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला त्या सकाळी कळलं. तो विचारायला आलाच नव्हता. ऐकायला आला होता.

मुग्धानं कागदावरची एक ओळ मला दाखवली. तिनं स्वतः लिहून ठेवली होती, पेन्सिलीनं, लेखाच्या खाली: बाबांनी एकदा एकाच फटक्यात गल घेतली होती. पुढं प्रश्नचिन्ह. तिचे डोळे अगदी रमाकांतचे आहेत.

‘‘तुमी हो म्हणालात तर प्रश्नचिन्ह काडून टाकतंय,’’ ती म्हणाली. ‘‘खरां सांगा काका. पडलेलो?’’

घरात आम्ही दोघंच होतो. रमाकांत नव्हता, की मला त्याचा आनंद बघावा लागेल. जेवणाची पंगत नव्हती, पाहुणे नव्हते. माझं कशाचंही नुकसान होणार नव्हतं. ‘हो’ म्हणायचं होतं, आणि एका पोरीचा बाप तिच्यासाठी तीस वर्षांचं स्वप्न पुरं करून गेला असता.

‘‘नाय गो बाय,’’ मी म्हटलं. ‘‘दगडाक लागलो आसतलो. गलीत नाय पडलो.’’

तिनं मान हलवली. लगेच विश्वास ठेवला, बापासारखाच. पिशवीतून खोडरबर काढलं आणि ती ओळ पुसायला लागली. मी शेजारी बसून अक्षरं एकेक करून जाताना बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं.